नाकारण्याची विद्या

गेल्या पौषांत एके शनिवारीं, इंग्लंडांत राहणाऱ्या आमच्या पुतण्याच्या सात वर्षांच्या कन्येचा कान ठणकूं लागला. डॉक्टरांची भेट सोमवारापूर्वीं मिळण्याजोगी नव्हती. म्हणून तो तिला घेऊन कोपऱ्यावरील औषधांच्या दुकानीं गेला. तेथील फार्मासिस्टनें तिला आंतल्या खोलींत नेलें, लहानशा यंत्रानें कान पाहिला, कांहीं प्रश्न विचारले, आणि सांगितलें कीं, सध्यां प्रतिजैविक देण्याचें कारण दिसत नाहीं. वेदनेचें औषध द्यावें, आणि तीन दिवसांत उतार न पडल्यास किंवा कानामागें सूज आल्यास डॉक्टरांकडे जावें. एवढ्या थंडींत जाऊन ‘खरें’ औषध न मिळाल्यामुळें पुतण्या किंचित् रुष्ट झाला. आम्हांस मात्र त्या अपरिचित गृहस्थाविषयीं आदर वाटला.

३१ जानेवारी २०२४ पासून इंग्लंडांत ‘फार्मसी फर्स्ट’ नांवाची योजना सुरू झाली आहे. कानदुखी, घसादुखी, सायनसची सूज, चिघळलेला कीटकदंश, इम्पेटिगो नांवाचा त्वचाविकार, नागीण आणि स्त्रियांचा साधा मूत्रदाह, अशा सात विकारांवर डॉक्टरच्या चिठ्ठीवांचून औषध देण्याची मुभा तेथील फार्मासिस्टांस मिळाली. मुभा आहे, तशी मर्यादाहि आहे. कानदुखीची सोय १ ते १७ वर्षांच्या मुलांपुरती; मूत्रदाहाची १६ ते ६४ वर्षांच्या स्त्रियांपुरती, आणि त्यांतूनहि गर्भवती वगळल्या आहेत. फ्लूची लस तर तेथील दुकानांतून २०१५ पासूनच सरकारी योजनेखालीं टोचली जाते. आणि लशीची विपरीत प्रतिक्रिया उमटल्यास द्यावयाचें ॲड्रेनलिन टोचणाऱ्याजवळ सिद्ध असावें लागतें. कॅनडांतील ऑन्टॅरिओ प्रांतानेंहि १ जानेवारी २०२३ पासून तेरा किरकोळ विकारांपुरता असाच अधिकार दिला.

यावर डॉक्टरमंडळींचे आक्षेप दोन. निदान ही दुकानाच्या आंतल्या खोलींत उरकण्याची बाब नव्हे, हा पहिला. ज्याचा चरितार्थ औषध खपण्यावर, त्यानेंच औषध हवें कीं नको हें कसें ठरवावें, हा दुसरा. आणि तो आम्हांस अधिक वजनदार वाटतो. उत्तीर्ण विद्यार्थ्यांमागें ज्यास पैसे मिळतात, अशा शिक्षकाच्या हातीं परीक्षा देऊं नये, हें जन्मभर शाळेंत घालविलेल्या मनुष्यास निराळें सांगावें लागत नाहीं. चरकसंहितेंत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. त्यांत औषध विकणाऱ्यास स्थान नाहीं. त्यास आज पांचवा पाद करावयाचें, तर निर्णय आणि विक्रीचा लोभ यांची फारकत प्रथम झाली पाहिजे. इंग्लंडच्या योजनेंत ती कांहीं अंशीं साधली आहे. नियमांत बसणारी तपासणी पुरी झाली कीं दुकानास ठराविक मोबदला सरकारांतून मिळतो. मग औषध दिलें जावो वा न जावो.

आपल्याकडील कायदा निराळा. १९४५ च्या औषधनियमांतील ‘एच’ परिशिष्टांत जीं औषधें आहेत, तीं डॉक्टरच्या चिठ्ठीवांचून विकतां येत नाहींत. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ परिशिष्टांतील औषधांबाबत तर डॉक्टरचें व रोग्याचें नांव नोंदून ती वही तीन वर्षें जपावी लागते. ही झाली कागदावरील स्थिति. व्यवहार कसा चालतो, तो आमच्याच मुखें ऐकावा. दोन वर्षांपूर्वीं खोकला झाला असतां आम्हीं नातवास दुकानीं धाडलें : “मागच्या वेळच्याच गोळ्या दे म्हणावें.” चिठ्ठी कोणीं मागितली नाहीं. पांच दिवसांच्या गोळ्या आणल्या, तीन दिवस घेतल्या, उरलेल्या फडताळांत ठेवल्या. पुढें घरकामास येणाऱ्या बाईंच्या मुलास ताप आला, तेव्हां त्यांतील एक आम्हींच मोठ्या कनवाळूपणानें काढून दिली. रात्रीं मुलाच्या सर्वांगावर पुरळ उठलें, ओठ सुजले. दवाखाना गांठावा लागला. मूल वांचलें. त्या मातेनें आम्हांस एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं, हेंच आजतागायत बोचतें.

तेव्हां औषधविक्रेत्यास अधिकार द्यावा कीं न द्यावा, एवढाच हा प्रश्न नव्हे. आपल्याकडे तो आपण घरोघरचीं माणसें त्यास केव्हांच देऊन बसलों आहों. मात्र त्यासोबत तपासणी नाहीं, नोंद नाहीं, दायित्व नाहीं. जेथें डॉक्टर चार कोसांवर, तेथें सुशिक्षित फार्मासिस्टला मोजका अधिकार मिळाल्यास लोकांचें कल्याणच होईल, असें आमचें मत आहे. परंतु त्यापूर्वीं त्यास ‘नाहीं’ म्हणण्याचें शिक्षण मिळावें, आणि ‘नाहीं’ म्हटल्यानें त्याची भाकरी बुडूं नये, अशी व्यवस्था व्हावी.

ती होईल तेव्हां होवो. ‘नाहीं’ ऐकून घेण्याची विद्या मात्र गिऱ्हाइकासहि शिकावी लागते, आणि ती घरींच शिकतां येते. गेल्या महिन्यांत दुकानदारानें आमच्या नातवास चिठ्ठीवांचून परत पाठविलें. तो चिडून घरीं आला. आम्ही काठी घेतली आणि त्या दुकानदाराचे आभार मानावयास गेलों.