तारापूरचा करार आणि शब्दाची किंमत

अण्वस्त्रप्रसारबंदीचा विषय निघाला की यवतमाळचा कापूस-उत्पादक सहज विचारील, ‘याचा आमच्या बांधाशी काय संबंध?’ संबंध असा की, परराष्ट्रांना दिलेल्या शब्दाची किंमत अखेर सामान्य माणसालाच मोजावी लागते. तारापूर हे त्याचे घरचेच उदाहरण होय.

१९६३ च्या भारत-अमेरिका करारान्वये तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या उभ्या राहिल्या; १९६९ साली वीजनिर्मिती सुरू झाली. अमेरिकेने इंधन पुरवावे व भारताने तपासणी मान्य करावी, असा हा सौदा होता. १९७४ मध्ये पोखरणचा स्फोट झाला. त्याचे प्लुटोनियम तारापूरचे नव्हते. कॅनडाच्या साहाय्याने ट्रॉम्बे येथे उभारलेल्या ‘सायरस’चे होते. ‘शांततामय स्फोट’ हा आपला खुलासा दुबळाच होता. परंतु त्याची शिक्षा तारापूरला झाली. अमेरिकेने १९७८ चा आपला नवा कायदा जुन्या करारावर लादला. अखेर १९८२ मध्ये इंधनासाठी फ्रान्सकडे जावे लागले. १९९३ साली करार संपला, तरी भारताने तपासणी चालूच ठेवली. तारापूरपुरता शब्द मोडला तो पुरवठादाराने, ग्राहकाने नव्हे.

अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर भारताने सही केली नाही, हे योग्यच झाले. १९६७ पूर्वी ज्यांनी स्फोट केले ते कायमचे मालक, बाकीचे कायमचे आश्रित, अशी ही विभागणी आहे. त्याच कराराच्या सहाव्या कलमाने मालकांवर निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटींचे बंधन घातले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९९६ मध्ये ते एकमताने अधोरेखित केले. पाळले कोणी?

मात्र विषमतेवर बोट ठेवणाऱ्याचा स्वतःचा हिशेब स्वच्छ असला पाहिजे. २००८ च्या व्यवस्थेत आपण नागरी व लष्करी अशी विभागणी केली. तिची सीमारेषा तारापूरच्या आवारातूनच जाते: पहिल्या दोन भट्ट्या आंतरराष्ट्रीय तपासणीखाली, तिसरी व चौथी बाहेर. या दोन भट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. गावकऱ्यांनी जमीन दिली ती विजेसाठी. तपासणीबाहेरच्या भट्ट्यांतील प्लुटोनियमचा साठा किती व तो कशासाठी, हे मात्र सरकार प्रसिद्ध करीत नाही.

व्हिएन्नाच्या निरीक्षकांना जो हिशेब दाखविता येतो, त्याच धर्तीचा हिशेब लोकसभेला का दाखविता येऊ नये? परकीयांच्या दडपणाखाली सही न करणे हा स्वाभिमान खरा. पण आपल्याच जनतेला उत्तर न देणे याला स्वाभिमान म्हणत नाहीत. सरकारने साठ्याचे आकडे संसदेपुढे ठेवावेत. दुसऱ्यांकडे सहाव्या कलमाचा जाब मागण्याचा अधिकार त्यानेच बळकट होईल.