खोली मिळेल का, खोली?

महाबळेश्वरचं शनिवार रात्रीचं भाडं ऐकून ‘नंतर कळवतो’ म्हणत फोन ठेवणाऱ्यांच्या क्लबात तुम्हीही असाल, तर वेलकम! आता मॅपवर आंबेनळी घाटातून बोट खाली सरकवा. चाळीसेक किलोमीटरवर पोलादपूर, पुढे वीसेक किलोमीटरवर महाड. सह्याद्री तोच, पाऊस तोच, आणि सावित्री नदी तर महाबळेश्वरलाच उगम पावून इथे उतरलेली. फक्त व्हॅली व्ह्यूचे वेगळे पैसे इथे कोणी लावत नाही.

सगळ्यात अनरोमँटिक पर्याय आधी सांगते. महाडच्या एसटी स्टँडच्या आसपासची आणि हायवेवरची लॉजेस. आठवडाभर इथे एमआयडीसीत कामाला आलेले इंजिनियर, ऑडिटर, केमिकलवाले सेल्समन उतरतात. शनिवारी ते घरी पळतात. म्हणजे सगळीकडे वीकेंडला रेट चढतो, तेव्हा इथला काउंटरवाला बोलायच्या मूडमध्ये असतो. घासाघीस करा, बिनधास्त. पण पैसे देण्याआधी खोली बघा, पंखा लावून बघा, आणि मुलींनो, दाराची कडी आतून नीट लागते का ते स्वतः लावून बघा. गरम पाणी मिळालं नाही तरी टेन्शन नाही. महाडजवळच सव नावाचं गाव आहे, तिथे जमिनीतूनच गरम पाणी येतं. हिवाळ्यात सकाळी सकाळी जा. गावाची जागा आहे, त्यामुळे शॅम्पूच्या बाटल्या आणि फोटोशूट दोन्ही लॉजवरच राहू द्या.

काही तारखा मात्र विसराच. ६ जूनला रायगडावर शिवराज्याभिषेक दिन, म्हणजे महाडपासून पायथ्याच्या पाचाडपर्यंत मुंगीला जागा नाही. २० मार्चला चवदार तळ्यावर गर्दी. गणपतीत आणि शिमग्याला मुंबईचे चाकरमानी घरी आलेले असतात, तेव्हा पडवीतसुद्धा अंथरुणं पडलेली.

एरवी तीच घरं निम्मी रिकामी असतात, आणि तिथेच खरी मजा आहे. पाचाडला आणि आसपासच्या वाड्यांमध्ये घरगुती जेवण-मुक्काम मिळतो. बोर्ड असतोच असं नाही. चहाच्या टपरीवर विचारायचं, ‘राहायची सोय होईल का हो कुठे?’ हिशोब माणशी असतो. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, रात्री माजघरात गादी. अटॅच्ड बाथरूम शोधू नका. आणि एप्रिल-मेमध्ये गेलात तर बादलीचा हिशोब ठेवा. पावसाळ्यात धो धो भिजणाऱ्या या तालुक्यांतल्या डोंगरवाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. एका वाडीत काकूंनी मला विचारलं, ‘तुला एका बादलीत भागेल ना गं?’ ती बादली त्यांनी विहिरीवरून डोक्यावर आणली होती. भागलं.

पावसाळ्याचं गणित वेगळं. ढगात हरवलेलं, डोंगराला टेकलेलं घर फोटोत जबरी दिसतं, पण जुलैत तिथे झोपायचं नाही. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड आली, ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या आणि महाड शहर पुरात होतं. तेव्हा जून ते सप्टेंबर शहरात राहा, तळमजला नको, वरची खोली मागा. पुण्याहून येणाऱ्यांनी वरंध घाट चालू आहे का ते आधी विचारा, पावसात तो बरेचदा बंद ठेवतात.

आता थोडं कडू. खोली मागताना मला तीन प्रश्न हमखास येतात. एकट्याच? मिस्टर कुठायत? आडनाव काय? पहिल्या दोघांना मी हसून उत्तर देते. तिसऱ्याला हसू येत नाही. रजिस्टरमध्ये नाव लिहायचं असतं, आधार दाखवायचं असतं, ते ठीक. पण किल्ली हातात यायच्या आधी, नुसतं तोंडाकडे बघत विचारलेलं आडनाव वेगळं असतं, आणि ते कशासाठी विचारलंय हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं.

आणि हे महाडात! नगरपालिकेने चवदार तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव १९२४ चा. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर आणि परिषदेला आलेले लोक तिथलं पाणी प्यायले, तेव्हा त्यांना मार खावा लागला. जीव वाचवायला कित्येकांनी गावातल्या मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. डिसेंबरात परत परिषद भरवायची तर मांडवाला जागा कोणी देईना. शेवटी जागा दिली ती फत्तेखान नावाच्या गृहस्थांनी. तळ्यावरचा हक्क मुंबई हायकोर्टात कायम व्हायला १९३७ उजाडलं. तळं आज गावाच्या मधोमध आहे, संध्याकाळी नक्की जा, लॉजवरून चालत जाता येतं.

माझा नियम साधा आहे. किल्लीआधी आडनाव विचारलं की थँक्यू म्हणायचं आणि पुढचं दार. दोनशे रुपये जास्त पडले तरी चालतील. पोलादपूरच्या बाजूला एका घरी मी अशीच पुढचं दार म्हणून पोचले होते. तिथल्या मावशींनी एवढंच विचारलं, ‘तिखट चालतं का, की मुंबईचं पोट आहे?’

निघताना पैसे पडवीत बसून गप्पा मारणाऱ्या काकांकडे देऊ नका. पहाटे पाचला चूल पेटवून तुमचं पाणी तापवलं ते मावशींनी, नोटा त्यांच्याच हातात द्या. आणि शेवटची एसटी किती वाजता ते आदल्या रात्रीच विचारून ठेवा, ती वेळेआधीही सुटते.