सुट्टीची सुरुवात कारखान्याच्या फाटकापासून

नाताळची सुट्टी जवळ आली की व्यापारी घरांत एकच प्रश्न निघतो : यंदा मुलांना कोठे न्यायचे? मुले समुद्रकिनारा मागतात, आजी तीर्थक्षेत्र सुचवते, आईला सुट्टी केवळ खाण्यापिण्यात जाऊ नये असे वाटते आणि वडील माल पाठवण्याच्या तारखा पाहत बसतात. सहल अखेर ठरते. पण वडिलांचा अर्धा वेळ फोनवर जातो, मुले मागील आसनावर आपापल्या पडद्यात गुंततात आणि घरी परतल्यावर छायाचित्रांखेरीज फारसे काही उरत नाही.

सोलापूर–पुणे महामार्गावरील चिंचोळी एमआयडीसीत ज्यांचे कारखाने आहेत, त्या कुटुंबांत ही अडचण अधिक जाणवते. वडिलांचा सारा दिवस वसाहतीत जातो. मुलांनी कारखान्याचे नाव पाटीवर आणि पिशवीवर वाचलेले असते. परंतु कच्चा माल कोठून येतो, यंत्रापाशी कोण उभे असते, एखादी ऑर्डर परत आली की घरात त्या दिवशी शांतता का पसरते, हे त्यांना ठाऊक नसते. उद्या मात्र याच मुलांनी पेढी सांभाळावी, अशी अपेक्षा असते. मालकाच्या खुर्चीची ओळख आधी आणि कामाची ओळख नंतर, असा उलटा क्रम ज्या घरात पडतो, तेथे पुढच्या पिढीला व्यवसाय परका वाटू लागतो.

म्हणून एखाद्या वर्षी सहलीची सुरुवात चिंचोळीच्या फाटकापासूनच करून पाहावी. तीन दिवस पुरेसे आहेत आणि कापड हे एकच सूत्र धरले, तर मुलांना मौज आणि माहिती वेगवेगळी शोधावी लागत नाही.

पहिला दिवस कारखान्याचा. यंत्रे चालू असतील असाच दिवस निवडावा आणि मुलांना थेट कार्यालयात न नेता गोदामापासून सुरुवात करावी. चिंचोळीत कापडापासून रसायनांपर्यंत नाना तऱ्हेचे उत्पादन होते. रसायनांच्या कारखान्यात लहान मुलांना आत नेणे योग्य नाही. अशा कुटुंबाने अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतील एखाद्या स्नेह्याचा टॉवेलचा कारखाना पाहण्याची परवानगी मागावी. मुलींचे केस बांधलेले असावेत, ओढणी किंवा सैल कपडे नसावेत, यंत्रांच्या आवाजापासून कानांचे योग्य संरक्षण असावे आणि प्रत्येक लहान मुलाचा हात मोठ्याच्या हातात असावा.

सोलापूरची चादर आणि टेरी टॉवेल या दोहोंना भौगोलिक मानांकन मिळाले आहे, हे मुलांनी शाळेत ऐकलेले असते. टॉवेल पाणी का टिपतो, हे मात्र मागापाशीच कळते. टॉवेलला उभ्या धाग्यांचे दोन संच लागतात. एक ताठ ओढलेला, दुसरा सैल सोडलेला. आडव्या धाग्याचे पहिले दोन फेरे विणलेल्या कडेपासून किंचित अलीकडे थांबतात आणि तिसऱ्या फेऱ्याला फणी तिन्ही धागे एकदम ठोकून बसवते. त्या क्षणी सैल धागे वर उचलले जाऊन लहान लहान फासे तयार होतात. पाणी टिपतात ते हेच फासे. घरातून एक जुना टॉवेल नेऊन मुलांना त्यातील एक फासा हळूच ओढायला सांगावा. सैल धागा सरसर बाहेर येतो आणि समजावून सांगण्याचे काम उरत नाही.

येथे एक नियम पाळावा. मुलाने प्रश्न विचारण्यापूर्वी कामगाराचे नाव विचारावे आणि काका किंवा मावशी म्हणूनच बोलावे. सोलापूरचा वस्त्रोद्योग तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांच्या कौशल्यावर वाढला. त्यांपैकी कोणी भेटल्यास ओकटी, रेंडू, मूडू अशी तेलुगू मोजणी शिकून घ्यावी. गाडीत दिवसभर तोच खेळ चालतो. दुपारनंतर शहराकडे परतताना केगाव येथील विज्ञान केंद्रात मुलांना मनसोक्त हुंदडू द्यावे. सकाळी शिस्तीत राहिलेल्या मुलांना त्याची गरज असते.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघून तुळजापूर, धाराशिव मार्गे तेर गाठावे. आज तेर हे तेरणा नदीकाठचे शांत गाव आहे, संत गोरा कुंभारांचे गाव म्हणून ते सर्वांना परिचित आहे. पण सुमारे 2000 वर्षांपूर्वी ते ‘तगर’ नावाचे व्यापारी नगर होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी लेखकाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापाराच्या ग्रंथात तगरचे नाव आहे. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हे नगर असून तेथून साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल भडोच बंदराकडे जाते, असे त्याने नोंदवले आहे. आदल्या दिवशी चिंचोळीत गठ्ठे ट्रकमध्ये चढताना पाहिलेल्या मुलांना बैलगाड्यांनी भडोचपर्यंत किती दिवस लागत असतील, याचा हिशेब करायला सांगावा. गावातील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात उत्खननात मिळालेल्या मृण्मूर्ती, मणी, नाणी आहेत. ते उघडे असल्याची खात्री आदल्या दिवशीच करून घ्यावी.

दुपारी धाराशिवजवळची लेणी पाहावीत. तेथील पार्श्वनाथांच्या मूर्तीपुढे मुले आपोआप शांत होतात. कनकामर मुनींच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात तेरापूरजवळच्या लेण्यांचे वर्णन आले आहे. तेरापूर म्हणजेच तेर, हे सांगितले की सकाळ आणि दुपार एकमेकींना जोडल्या जातात. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्यामुळे लेण्यांतून साडेचारलाच निघावे आणि भोजन घरच्या डब्यांतून उजेडीच उरकावे. दशमी, शेंगाचटणी, खाकरा आणि गाळलेले पाणी सोबत असले की नियम मोडण्याचा किंवा उपाशी राहण्याचा प्रसंग येत नाही.

तिसरा दिवस कुंथलगिरीचा. कुलभूषण आणि देशभूषण मुनींचे हे सिद्धक्षेत्र. येथेच 1955 साली आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली. महाराजांच्या चरित्रातील एक प्रसंग व्यापारी घरातील मुलांनी येथे बसून ऐकण्याजोगा आहे. पूर्वाश्रमी ते कधी घरच्या कापडदुकानात बसत, तेव्हा ग्राहकाला सांगत की, कापड तूच निवड, तूच मोजून फाड आणि वहीतही तूच लिही. पुढे त्यांनी वस्त्राचाच त्याग केला. दोन दिवस कापडाच्या मागे फिरलेली मुले येथे हमखास विचारतात : मग आपण कापड का विकायचे? या प्रश्नाला घाईने उत्तर देऊ नये. मिळवणे, प्रामाणिकपणे मोजणे आणि पुरे झाले म्हणून थांबणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे वडिलांनी स्वतःच्या धंद्यातील एखाद्या उदाहरणाने सांगितले तरी पुरे. ज्या सौद्यात तोटा सोसला पण शब्द पाळला, तो सौदा मुलांनी वडिलांच्या तोंडून ऐकला पाहिजे. घरात तो सांगायला वेळ मिळत नाही. सहल त्यासाठीच असते.

परतीच्या वाटेवर एखाद्या परिचिताच्या शेतात कोवळा हुरडा खाण्याचा बेत आधीच ठरवावा. ज्वारीचा हंगाम कोठे किती पुढे आहे, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे आणि चटणी लसणाविना करण्यास कळवून ठेवावे.

खर्चाचा भाग मुलांवर सोपवावा. निघताना प्रत्येक मुलाला सारखी रक्कम आणि एक छोटी वही द्यावी. त्यात रोजमेळाप्रमाणे जमा आणि नावे अशा दोन बाजू पाडून रोज सूर्यास्तापूर्वी शिल्लक जुळवावी. चूक निघाली तर रागावू नये, पण चूक शोधल्याशिवाय वही मिटूही देऊ नये. शेवटच्या पानावर ‘कोणाकडून काय शिकलो’ एवढे लिहून घ्यावे आणि घरी आल्यावर ती वही आजोबांनी तपासावी.

त्या पानावर मागापाशी भेटलेल्या काकांचे नाव असेल, तर सहल फळाला आली असे समजावे. पुढे कधी वडील चिंचोळीहून उशिरा, थकून परततील, तेव्हा मूल भेटवस्तूऐवजी त्या काकांची खुशाली विचारील. व्यवसाय पुढच्या पिढीकडे जाण्याची खरी सुरुवात अशा विचारपुशीतूनच होत असते.