चोथा आणि आतड्याचे अस्तर

मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरीपासून गडचिरोलीपर्यंतच्या धानपट्ट्यात वडीलधाऱ्यांचे दात पडू लागले की त्यांचे ताटही बदलते. वालाची उसळ, तरोट्याची भाजी, जवसाची चटणी मागे पडते. पांढराशुभ्र भात, पातळ वरण आणि चहात बुडवलेले बिस्किट उरते. हे काळजीपोटीच घडते. ‘‘बाबांना आता चावत नाही,’’ असे लेकीसुना सांगतात आणि ते खरेच असते. मात्र या मऊ ताटातून चोथा, म्हणजेच तंतुमय भाग, जवळजवळ नाहीसा होतो. त्याची झळ मोठ्या आतड्याला पोहोचते.

मोठ्या आतड्याच्या भिंतीवर बुळबुळीत श्लेष्म्याचा दुपदरी थर असतो. बाहेरचा पदर सैल; त्यात असंख्य जिवाणू राहतात. भिंतीलगतचा पदर घट्ट. निरोगी अवस्थेत तेथे जिवाणू सहसा शिरत नाहीत. तंतू आपल्याला पचत नाहीत, म्हणूनच ते मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतात व या जिवाणूंचे अन्न होतात. त्यांपासून जिवाणू ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात आणि अस्तरातील पेशी त्यांवरच मुख्यतः पोसल्या जातात. तंतू मिळेनासे झाले, तर काही जिवाणू श्लेष्म्यातील शर्करेवर गुजराण करू लागतात; म्हणजे घराचे कुंपणच खाऊ लागतात.

मिशिगन विद्यापीठ व लक्झेंबर्ग येथील संशोधकांनी २०१६ साली ‘सेल’ या नियतकालिकात हे उंदरांवरील प्रयोगातून दाखवले. माणसाच्या आतड्यातील निवडक जिवाणू त्यांनी उंदरांत रुजवले होते. तंतूंविना आहार मिळालेल्या उंदरांत श्लेष्म्याचा थर झिजला आणि रोगजंतूंना भिंत गाठणे सोपे झाले. विशेष म्हणजे, केवळ शुद्ध केलेले प्रीबायोटिक तंतू मिसळूनही थर राखला गेला नाही; वनस्पतींतील मूळ तंतू मिळाले तेथे तो टिकला. उंदरांचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही, हे खरे. तरीही महागड्या प्रीबायोटिक भुकटीचा डबा घेण्यापूर्वी स्वयंपाकघराकडे पाहावे, असे माझे मत आहे. इसबगोलाने शौचास साफ होते. पण आतड्यात ते फारसे आंबत नाही, त्यामुळे जिवाणूंचे पोट त्याने विशेष भरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम नैसर्गिक तंतू सुचवले आहेत. दात नसतील तर चोथा वगळू नये, त्याचे रूप बदलावे. ज्वारीची भाकर गरम वरणात कुस्करून द्यावी. सालीची डाळ चांगली शिजवून घोटावी. तरोट्याची कोवळी पाने बारीक चिरावीत, जवस भाजून कुटावे, कोसरी मिळाल्यास तिची पातळ पेज करावी. पावसाळ्यातील वास्ते मात्र नीट उकळून, पहिले पाणी टाकूनच शिजवावेत. वाढ आठवड्या-आठवड्याने थोडीथोडी करावी. एकदम केल्यास पोट फुगते आणि म्हातारी माणसे तो पदार्थ पुन्हा तोंडाला लावत नाहीत. सोबत पाणी हवेच. हृदयविकार वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून घेणाऱ्यांनी, तसेच पक्षाघातानंतर गिळताना ठसका लागणाऱ्यांनी, आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

शौचावाटे रक्त पडणे, कारण नसताना वजन घटणे किंवा उतारवयात शौचाची सवय अचानक बदलणे, यांपैकी काहीही दिसल्यास आहारातील प्रयोग थांबवून आठवड्याच्या आत तपासणी करून घ्यावी.