हजेरीपटावर नसलेले

म्युनिकला लेकीकडे गेलो होतो तेव्हाची, म्हणजे मार्च २०२४ ची एक गोष्ट मनात तशीच राहून गेली आहे. जावईबापूंशी घातलेला वादही तसाच अर्धा राहिला आहे. तेही हा ब्लॉग वाचतात, म्हणून माझी बाजू इथेच मांडून टाकतो.

"बाबा, उद्या बर्फावरच्या मोटरसायकलच्या शर्यती बघायला जाऊ," असं ते म्हणाले तेव्हा मला वाटलं, थट्टा करतायत. बर्फावर आमचं नुसतं चालणं म्हणजे कसरत. पण खरोखरच गेलो. बव्हेरियात डोंगरांच्या कुशीत इनत्सेल नावाचं गाव आहे. तिथे बर्फावरच्या स्केटिंगसाठी मोठं बंदिस्त स्टेडियम आहे. स्केटिंगचा हंगाम संपत आला की तोच बर्फ मोटरसायकलींना देतात, कारण त्या फिरून गेल्यावर तो दुसऱ्या कशाच्या उपयोगाचा उरत नाही.

या गाड्यांच्या टायरना सुमारे तीन सेंटिमीटर लांबीचे पोलादी खिळे असतात. मागच्या चाकाला दोनशेच्या आसपास, पुढच्याला त्याहून कमी. ब्रेक नाहीत. हो, नाहीतच! मी दोनदा विचारून घेतलं. चौघे एका रेषेत उभे राहतात, लाल, निळं, पांढरं आणि पिवळं शिरस्त्राण घालून. समोरची फीत उडाली की सुटतात. चार फेऱ्या, मिनिटभरात खेळ खलास. वळण फक्त डावीकडे. वळताना गाडी इतकी कलते की हँडल बर्फाला टेकतं की काय असं वाटतं, आणि डावा गुडघा बर्फावरून घासत जातो. त्या गुडघ्याला जुन्या टायरचा तुकडा बांधलेला असतो. (आमच्या गुडघेदुखीवर हा उपाय अजून कोणी सुचवलेला नाही.) खिळ्यांनी उडालेला बर्फाचा चुरा पार बाहेरच्या कठड्यापर्यंत जातो. मी पहिल्या दोन शर्यती डोळे अर्धवट मिटून पाहिल्या. तिसरीला उभा राहिलो होतो, असं नातू सांगतो.

मला मात्र सगळ्यात आवडलं ते वेळापत्रक. सोळा स्वार, वीस शर्यती. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला भोपळा. आणि आखणी अशी की प्रत्येक जण उरलेल्या पंधरा जणांशी नेमका एकदाच भिडतो. माझा विश्वास बसेना. चौघांत जोड्या सहा, वीस शर्यतींच्या एकशेवीस. सोळा जणांच्या जोड्या किती? त्याही एकशेवीस! मी मराठीचा मास्तर, पण तिकिटाच्या पाठीवर हा हिशेब जुळला तेव्हा गणिताच्या मास्तराचं सुख काय असतं ते कळलं. कोणालाही कोणाला टाळून पुढे जाता येत नाही. स्पर्धा असावी तर अशी.

आणि इथेच घोडं अडलं. कारण जे भिडायला हवे होते ते तिथे नव्हतेच.

या खेळाची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९६६ साली झाली. जिंकला तो सोव्हिएत संघाचा कादिरोव; पुढे तो एकूण सहा वेळा जगज्जेता झाला. निकोलाय क्रास्निकोव तर २००५ पासून २०१२ पर्यंत सलग आठ वेळा. २००३ ते २०२१ या काळात एकही वर्ष असं नाही की रशियन सोडून दुसरा कोणी जगज्जेता झाला. त्याआधी २००२ साली स्वीडनचा सेरेनियस जिंकला होता, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी. तो पेशाने अग्निशामक दलातला! हे ऐकून मी जावयांकडे जरा छाती पुढे काढून पाहिलं.

मग युक्रेनवर हल्ला झाला आणि मार्च २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाने रशिया आणि बेलारूसच्या स्वारांवर बंदी घातली. त्या वर्षी स्वीडनचा हाराहिल्तुनेन जगज्जेता झाला. पूर्वी हा हंगाम रशियातली शहरं, कझाकस्तानातलं अल्माटी, बर्लिन असा हिंडायचा. २०२४ मध्ये उरली ती दोनच ठिकाणं, इनत्सेल आणि हॉलंडमधलं हेरेनवेन. चार दिवसांत जगज्जेता ठरून मोकळा.

जावईबापूंचं म्हणणं, "बाबा, जो हजर असतो तोच जिंकतो. जगात सगळीकडे असंच असतं."

माझं म्हणणं ऐका. बंदी बरोबरच आहे. शेजाऱ्याच्या घरात रणगाडे घुसवायचे आणि इकडे मैदानात झेंडा फडकवायचा, हे चालू देता कामा नये. जो जिंकला त्याचाही काही दोष नाही. ब्रेक नसलेल्या गाडीवर बसायला छाती लागतेच. पण विजेत्यांच्या यादीत त्या वर्षांपुढे एक बारीक शेरा हवा: 'अमुक देशांचे स्वार अनुपस्थित.' एवढंच. त्याने कोणाचा चषक परत जात नाही. वाचणाऱ्याला खरं काय ते कळतं.

मास्तराला शेऱ्याची सवयच, असं म्हणून लेक हसली. पण कारण तेवढंच नाही. ते मी तिलाही कधी सांगितलेलं नाही.

मार्च १९६७ ला मी अकरावीच्या परीक्षेत शाळेत पहिला आलो. माझा एक वर्गमित्र होता. सहावीपासून तो पहिला आणि मी दुसरा, यात कधी बदल झाला नाही. परीक्षेच्या दोन दिवस आधी त्याचे वडील गेले. तो बसला ऑक्टोबरला, आणि माझ्यापेक्षा एकवीस गुण जास्त मिळवले. बक्षिसाचा शब्दकोश मार्चमध्ये पहिला येणाऱ्याला होता, तो मला मिळाला. शाळेच्या व्हरांड्यातल्या काळ्या फलकावर '१९६७' पुढे माझं नाव पांढऱ्या रंगात चढलं. पुढे त्याच शाळेत मी तीस वर्षं शिकवलं. रोज त्या फलकाखालून वर्गात गेलो. दर दिवाळीआधी फलक रंगवायला पेंटर यायचा. त्याला एक ओळ जास्त लिहायला सांगणं काही अवघड नव्हतं. सांगितलं नाही.

फ्रान्समध्ये बर्फावरच्या मोटारींची 'ट्रोफे आंद्रोस' ही मालिका १९९० पासून चालत आली होती. चार वेळा फॉर्म्युला वनचा जगज्जेता झालेला आलँ प्रॉस्ट तिथे उतरला आणि तीनदा जिंकला. ती मालिका २०२३-२४ च्या हंगामानंतर बंद झाली. तिच्याबद्दलही लिहायचं होतं, पण आता राहू दे.

परत आल्यावर त्या मित्राला फोन केला. तो एसटीतून निवृत्त होऊन गावीच असतो. इनत्सेलची हकीकत सांगितली, वादही सांगितला. फलकाचं मात्र जिभेवर येऊन राहिलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ब्रेक नाहीत म्हणतोस, मग थांबतात कसे रे?"