नवा मजकूर जसाच्या तसा

ग्राहकांस पाठवावयाच्या पत्राच्या नमुन्यात राखून ठेवलेल्या जागी प्रत्येकाचे नाव घालणे, किंवा कॉन्फिगरेशन फाइलीतील जुना पासवर्ड काढून तेथे नवा लिहिणे, हे काम आपल्या व्यवसायात इतके नित्याचे आहे की ते करणाऱ्या ओळीपाशी कोड रिव्ह्यूच्या वेळी सहसा कोणी थांबत नाही. तथापि नमुन्यातील 'ग्राहकनाम' या खुणेच्या जागी 'पाटील & सन्स' हे नाव घालण्याचा हुकूम मजकूर बदलणाऱ्या 'सेड' या साधनाला द्यावा, तर कागदावर 'पाटील ग्राहकनाम सन्स' असे उमटते; सेड तक्रार करीत नाही, काम बिनबोभाट पार पडल्याची नोंद होते, आणि पत्र रवाना होते.

यात सेडचा दोष नाही. केन थॉम्प्सन यांनी रेग्युलर एक्सप्रेशनच्या शोधाची पद्धत १९६८ साली प्रसिद्ध केली, आणि पुढे बेल प्रयोगशाळेत ली मॅकमॅहन यांनी सेड सिद्ध केले, त्यात नव्या मजकुरातील & या चिन्हास 'जे सापडले ते सर्व' असा अर्थ आहे; सापडलेल्या शब्दाभोवती कंस घालावयाचे असतील तर ही सोय फार उपयोगी पडते. अडचण उद्भवते ती आपल्या समजुतीमुळे. शोधाच्या पॅटर्नमधील टिंब, तारका व कंस यांविषयी आपण सावध असतो. परंतु नव्या मजकुराचेही स्वतंत्र व्याकरण आहे आणि त्यातील विशेष चिन्हे निराळी आहेत, याचा आपणांस विसर पडतो.

जावास्क्रिप्टमध्ये तर शोधावयाची स्ट्रिंग अगदी साधी असली, रेग्युलर एक्सप्रेशनचा मागमूसही नसला, तरी 'रिप्लेस'ला दिलेल्या नव्या मजकुरातील $$ या जोडीचा एकच डॉलर होतो आणि $& च्या जागी सापडलेला मजकूर येतो; २०२१ साली भाषेत आलेल्या 'रिप्लेसऑल'नेही हाच शिरस्ता चालू ठेवला. ज्याच्या पासवर्डात दोन डॉलर लागोपाठ आहेत, त्याला आपला पासवर्ड का चालत नाही, हे कोणत्याही लॉगमध्ये सापडणार नाही. जावाचे 'रिप्लेसऑल' किमतीतील डॉलरपुढच्या अंकास गटाचा क्रमांक समजते, आणि तसा गट नसल्यास एक्सेप्शन फेकते. पायथनच्या 'री.सब'मध्ये विंडोजवरील फाइलीचा पत्ता घातला, तर बॅकस्लॅश व त्यापुढील अक्षर मिळून कधी नवी ओळ होते, कधी टॅब.

यावर काही जण नावात अमुक चिन्हे नकोतच, असा निर्बंध घालतात. तो सर्वथा गैर आहे, कारण नाव ज्याचे त्याचे आहे, आणि आपल्या साधनाच्या सोयीसाठी ते बदलण्याची मुखत्यारी आपणांस कोणीही दिलेली नाही. दुसरे काही स्वहस्ते एस्केप करू जातात, आणि तेथे क्रम चुकतो. आधी & पुढे बॅकस्लॅश लावला व मागाहून सर्व बॅकस्लॅश दुप्पट केले, तर पहिल्या फेरीत लावलेला बॅकस्लॅशही दुप्पट होऊन & पुन्हा मोकळे सुटते. बॅकस्लॅशचा बंदोबस्त नेहमी प्रथम करावयाचा असतो.

याहून श्रेयस्कर मार्ग उपलब्ध आहेत. पॅटर्नची गरजच नसेल तर पायथनमधील स्ट्रिंगचे किंवा जावातील साधे 'रिप्लेस' वापरावे. ते नव्या मजकुरास हात लावीत नाही. पॅटर्न आवश्यक असेल तर जावात 'कोटरिप्लेसमेंट' आहे. जावास्क्रिप्ट व पायथन यांत नव्या मजकुराच्या जागी फंक्शन द्यावे, म्हणजे त्याने परत केलेली स्ट्रिंग अक्षरशः घातली जाते. मात्र जावा ९ पासून 'मॅचर'ला जे फंक्शन देता येते, त्याच्या उत्तरातील डॉलर व बॅकस्लॅश यांचा विशेष अर्थ कायम राहतो. म्हणून एका भाषेतील सवय दुसरीत नेताना दस्तऐवज वाचून खातरजमा करावी.

एस्केप करावयाचेच झाले, तर ते प्रत्यक्ष बदल करतेवेळी, एकदाच करावे. डेटाबेसमध्ये मूळ नाव निर्भेळ राहू द्यावे. तेथेच बॅकस्लॅश मिसळले, तर उद्या छापील पावतीवर, परवा ई-मेलमध्ये ते प्रकट होतील आणि त्यांचा उगम शोधणे दुष्कर होईल.

आमच्या वाचकांस आमची आग्रहाची विनंती आहे की आपल्या ताब्यातील कोडमध्ये जेथे जेथे बाहेरून आलेला मजकूर बदलासाठी वापरला जातो, तेथे &, $$, $& आणि सुटा बॅकस्लॅश असलेली नावे टेस्टमध्ये कायमची दाखल करावी, आणि जे आत गेले तेच बाहेर आले, एवढे सिद्ध झाल्यावाचून ते काम पुरे झाले असे मानू नये.