आखातातून परतणाऱ्यांनो, हिशेब उघडा ठेवा!

दापोली, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन या बाजूच्या कितीतरी मोहल्ल्यांतील चुली आखातातील कमाईवर पेटतात. कुणी वेल्डर, कुणी सुतार, कुणी शिंपी, तर कुणी दुबईत छोटे दुकान थाटलेला. वीस-वीस वर्षे घाम गाळून या मंडळींनी घरे बांधली, मुले शिकविली. ही कमाई कष्टाची आणि स्वच्छ आहे. परंतु स्वच्छ कमाईचाही हिशेब लागतो, ही गोष्ट आपण विसरतो. 'तिकडे टॅक्स नाही, मग इकडे सांगायचे कशाला?' हा समज आपल्या बांधवांना महागात पडेल, असे आम्हास वाटते.

कायदा काय सांगतो ते प्रथम पाहू. १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात जो नोकरदार भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिला, तो सामान्यतः अनिवासी ठरतो आणि त्याच्या आखातातील पगारावर येथे कर लागत नाही. भारतातील भाडे, व्याज, नफा यांवर मात्र लागतो. ज्यांचे भारतातील उत्पन्न १५ लाखांहून अधिक आहे, त्यांच्यासाठी २०२० च्या दुरुस्तीने नियम कडक झाले. सुट्टीवर येऊन १२० दिवस राहिले तरी ते रहिवासी ठरू शकतात. अशा वेळी तेथील पगार करमुक्तच राहतो, पण येथे बसून चालविलेल्या तेथील धंद्याचा नफा करपात्र होतो. मुलगा दुबईत आणि सूत्रे वडिलांच्या हाती, अशा व्यापाऱ्यांनी हे नीट ध्यानात घ्यावे. १ एप्रिल २०२६ ही नव्या आयकर कायद्याच्या अंमलाची तारीख आहे. रहिवासाचे हे नियम त्यातही कायम ठेवले आहेत.

खरी अडचण परत येताना सुरू होते. दीर्घकाळ बाहेर राहिलेल्यास कायदा सवलत देतो. मागील दहा वर्षांपैकी नऊ वर्षे अनिवासी असलेला, किंवा मागील सात वर्षांत भारतात ७२९ दिवसांपेक्षा अधिक न राहिलेला माणूस 'सामान्य रहिवासी' धरला जात नाही. ही मुदत बहुधा दोन, कधी तीन वर्षांची असते. तोवर तेथील ठेवींचे व्याज व फ्लॅटचे भाडे येथे करपात्र नसते. मुदत संपली की जगभरचे उत्पन्न करपात्र होते आणि तेथील खाते, फ्लॅट, धंद्यातील भागी हे सारे विवरणपत्रात दाखवावेच लागते. येथील उत्पन्न कराच्या मर्यादेत असले, तरीही!

न दाखविल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्यान्वये १० लाख रुपये दंड होऊ शकतो. शिवाय लपविलेल्या उत्पन्नावर ३० टक्के कर, त्याच्या तिप्पट दंड आणि तुरुंगवासही. 'कुणाला कळते' या भ्रमात कुणी राहू नये. अमिराती, सौदी अरेबियासह अनेक देशांतून भारताच्या रहिवाशांच्या खात्यांची माहिती आता आपोआप आयकर खात्याकडे येते.

येथे आमची एक तक्रारही आहे. परदेशात कोट्यवधी दडविणाऱ्या बड्या धेंडास आणि विसरलेले पगारखाते असणाऱ्या वेल्डरास एकच १० लाखांचा दंड, हा न्याय नव्हे. १ ऑक्टोबर २०२४ पासून एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेस या दंडातून सूट मिळाली, हे योग्यच झाले. पण घर-जमीन त्यातून वगळली आहे. अनिवासी असताना पगारातून घेतलेल्या एका लहान फ्लॅटलाही ही सूट मिळावी, आणि हे नियम सरकारने सोप्या मराठीत बँकांच्या शाखांतून लावावेत, अशी आमची मागणी आहे.

परंतु सरकारला बोल लावताना स्वतःकडेही पाहिले पाहिजे. चार पैसे वाचविण्यासाठी हवालाने रक्कम पाठविणारे आपल्यात कमी नाहीत. हवाला बेकायदा तर आहेच, पण त्याची पावती नसते. उद्या घराचा पैसा कोठून आला असे विचारले, तर कष्टाचा पैसाही काळा ठरतो. बँकेचा कागद हीच त्या घामाची साक्ष आहे.

म्हणून जाताना साधे बचत खाते एनआरओ करून घ्यावे, कमाई एनआरई खात्यात पाठवावी. परतल्यावर बँकेस कळवून खाती बदलून घ्यावीत. एनआरई ठेवीचे व्याज कायमचे करमुक्त नसते. जुने पासपोर्ट फेकू नयेत, दिवसांचा पुरावा त्यांतच असतो. पगाराच्या पावत्या, फ्लॅटचे करारपत्र, दुकानाचे लायसन जपून ठेवावे. अनिवासी असताना घेतलेली मालमत्ता परतल्यावरही बाळगण्यास १९९९ चा परकीय चलन कायदा मुभा देतो. ती विकावी लागत नाही, फक्त दाखवावी लागते.

आपल्या जमातींनी आणि व्यापारी संघटनांनी वर्षातून एक दिवस जाणकार चार्टर्ड अकाउंटंटला गावात बोलवावे. त्याच्या फीचा खर्च दंडाच्या मानाने काहीच नाही. वीस वर्षे वाळवंटात राबून मिळविलेले एका न भरलेल्या रकान्यापायी गमावणे शहाणपणाचे नव्हे.